फ्लेक्स, पावतीबुकं आणि वखारीतली पेटी

जुलै उजाडला की कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीतल्या आमच्या छापखान्यात रोटरी, लायन्स अशा क्लबांच्या पदग्रहणाचा हंगाम सुरू होतो. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं, लायन्सचंही तेव्हाच. पंधरा-वीस दिवस लग्नपत्रिका मागे पडतात आणि कोट-टाय घालून, मान किंचित तिरकी करून काढलेले फोटो मोबाइलवर येत राहतात. निमंत्रणपत्रिका, बॅज, मानपत्रं, स्टेजमागचा मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर वर कन्नड, मधे मराठी, कोपऱ्यात इंग्रजी हा क्रम आता कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. वर कन्नड नसलं तर फ्लेक्स संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही ही काळजी, आणि मराठी बारीक झालं तर नूतन अध्यक्षांच्या आईंचा फोन येतो, "पोराचं नाव मला वाचाय येऊ नये व्हय?"

सोहळा ठरलेला. मावळते अध्यक्ष नव्यांच्या गळ्यात कॉलर घालतात, नवे अध्यक्ष लाकडी हातोडीनं पितळी घंटा वाजवतात, पाहुणे कोल्हापूरहून किंवा बेळगावहून उशिरा येतात आणि उशिराची भरपाई लांब भाषणानं करतात. पत्रिकेवर जेवणाची वेळ साडेआठ छापायची आणि पानं साडेदहाला मांडायची, यावर सगळ्या क्लबांचं एकमत आहे. मी स्वतः त्यांतल्या एकाचा सभासद आहे. कोणत्या, ते सांगत नाही. बाकीच्यांची छपाईही माझ्याकडेच असते.

हे सगळं आलं फार लांबून. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघा ओळखीच्यांना जमवलं. परक्या शहरात ओळखीपाळखी वाढाव्यात, धंद्याला धंदा लागावा, एवढाच सुरुवातीचा हेतू. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत बसायचे, म्हणून नाव पडलं रोटरी. १९१७ साली त्याच शिकागोत विम्याचा धंदा करणाऱ्या मेल्विन जोन्सनी लायन्सची सुरुवात केली. याच धर्तीचे जायंट्स मात्र आपल्याकडचे, १९७२ साली मुंबईत नाना चुडासमांनी काढलेले. आमच्याकडे ही मंडळी पोचली ती व्यापाराच्या वाटेनं. निपाणी म्हणजे तंबाखूच्या वखारी. त्यामुळे क्लबात आधी सावकार, अडते, मग डॉक्टर, वकील, पेट्रोल पंपवाले. एका धंद्यातला एकच सभासद घ्यायचा, असा रोटरीचा जुना नियम होता. तो निपाणीत कडक पाळायचा म्हटला असता तर कोरमही भरला नसता.

बायकांना रोटरीचं दार उघडलं ते १९८९ साली. तोवर सभासदांच्या बायकांसाठी इनरव्हील होतं, तेही १९२४ साली मँचेस्टरला सुरू झालेलं. आमच्याकडं अजूनही बऱ्याच घरांत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे असाच मामला आहे आणि खरं सांगायचं तर इनरव्हीलचा हिशेब जास्त चोख असतो. त्यांच्या पावतीबुकात मी खाडाखोड कधी पाहिली नाही.

ज्यांच्या हातावर हे गाव उभं राहिलं त्या विडी वळणाऱ्या बायका आणि तंबाखू पिकवणारे शेतकरी मात्र क्लबाच्या कागदावर येतात ते लाभार्थी म्हणून. हे टोचतं. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी इथल्याच हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. अशा गावात व्यापाऱ्याच्या तोंडचं 'समाजसेवा' लोक जरा जपूनच ऐकतात. ऐकावंच.

तरीही डोळ्यांच्या शिबिराला रांग लागते. या क्लबांच्या कामांतलं हे सगळ्यात जुनं. हेलन केलरनी १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करा अशी गळ घातली, तेव्हापासून त्यांनी तर ते आपलंच मानलं. पूर्वी शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया व्हायच्या, म्हातारी माणसं डोळ्याला पट्टी बांधून तिथंच पडून असायची, क्लबातल्या बायका घरून पिठलं-भात पाठवायच्या. जुने सभासद ते दिवस फार गहिवरून सांगतात. मला विचाराल तर बंद झालं ते बरं झालं. डोळ्यात संसर्ग गेला की डोळा कायमचा जाऊ शकतो. आता गावात फक्त तपासणी होते. निवड झालेल्यांना बसनं मोठ्या रुग्णालयात नेतात, तिथं भिंग बसवतात आणि एक-दोन दिवसांत माघारी आणतात.

आदल्या दिवशी रिक्षाला भोंगा लावून एकदा मराठीत, एकदा कन्नडात पुकारा होतो. शिबिर नऊला असलं तरी सातलाच शाळेच्या पायरीवर पटके आणि डोक्यावरचे पदर दिसायला लागतात. अक्कोळ, सौंदलगा, गळतगा, खडकलाट, पलीकडून कागल तालुक्यातली माणसं. डोळ्यांच्या आधी रक्तदाब आणि साखर बघतात आणि खरा अडथळा तिथं असतो. साखर वाढलेली असली की डॉक्टर शस्त्रक्रिया पुढं ढकलतात. एक आजोबा दोनदा असे परत गेले होते. तिसऱ्या खेपेला साखर उतरावी म्हणून दोन दिवस उपाशी राहून आले आणि रांगेतच भोवळ येऊन बसले. आमच्या डॉक्टरांनी आधी त्यांना चहा-बिस्किट दिलं, मग झाडलं, मग स्वतःच्या दवाखान्यातून महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या दिल्या. फोटो काढणारा तेव्हा मंडपात दीपप्रज्वलन टिपत होता.

एका शिबिरात विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, "मग काम कसं करता?" मावशींनी रिकाम्या हातांनीच करून दाखवलं. डाव्या तळहातावर पान, त्यावर चिमूटभर जर्दा, अंगठ्यानं वळसा, टोक नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे. एवढं होईस्तोवर नजर दाराकडं होती, हाताकडं एकदाही गेली नाही.

"वळाय डोळं कशाला लागत्यात?" त्या म्हणाल्या. "मोजाय लागत्यात. त्यो छाट काढाय बसला की चांगल्या विड्याबी बाजूला सारतोय का काय, मला दिसत न्हाई."

विडीच्या धंद्यात मजुरी हजारावर असते आणि मोजून घेताना कमअस्सल म्हणून ज्या विड्या बाजूला काढतात, ती छाट. तिचे पैसे मिळत नाहीत. मावशींना डोळे हवे होते ते नातवाचं तोंड बघायला नव्हे (तसं लाभार्थींच्या मनोगतात मी बऱ्याच वेळा छापलं आहे), हिशेब तपासायला हवे होते. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? म्हणाल्या, "झ्याक. रोज भांडान व्हतंय."

पोलिओचं काम याहून मोठं, पण त्यात आमचा वाटा लहान. रोटरीनं १९८५ साली जगभरच्या पोलिओची मोहीम उचलली, आपल्या देशात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झालं, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. यातलं ओझं वाहिलं ते आशा आणि अंगणवाडीच्या बायकांनी. आम्ही जीप दिली, टोप्या छापल्या, बूथवर पोहे पोचवले. एक गोष्ट मात्र आठवणीनं सांगण्यासारखी. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोपी टाकतात, आज इथं आणि आठवड्यानं तिसरीकडं. त्यांची पोरं कुठल्याच गावच्या यादीत नसत. टोळी कुठल्या फडात आहे ते फक्त ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक. आमच्यातला एक टायरवाला सभासद रोज चार ट्रॅक्टरवाल्यांशी बोलायचा. सगळ्या नकाशांपेक्षा तो उपयोगी पडला. अशा पोरांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण दिसेपर्यंत तो जीपमधून उतरायचा नाही, तंबाखूही मळायचा नाही.

आता पेटीबद्दल सांगतो. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर बसलो होतो.

पाऊसकाळात आमच्या एका सभासदाचे वडील वारले. मोठा भाऊ मस्कतला; त्याला यायला दीड दिवस. जुन्या वाड्याच्या सोप्यात बर्फाच्या लाद्या आणून त्यावर देह ठेवला, खाली भुसा पसरला. रात्रभर पाणी सोप्यातून अंगणात, अंगणातून गल्लीत. शेजारणी आळीपाळीनं पोतेरं घेऊन पुसत होत्या आणि घरातल्यांना रडायलाही सवड नव्हती. दहावं-तेरावं आटोपल्यावर तो सभेला आला आणि म्हणाला, क्लबानं एक शीतपेटी घ्यावी.

सभेत काय काय निघालं! क्लबानं मयताच्या वस्तू ठेवायच्या? अपशकुन नव्हे का? ठेवणार कुठं? आणि एकानं अगदी मनापासून विचारलं, "उद्घाटनाला बोलवायचं कुणाला?" यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, म्हणून उद्घाटन झालंच नाही. वापरात नसलेल्या एका वखारीत जागा मिळाली. पेटी उतरवली तेव्हा तिथल्या राखणदारानं खिशातून नारळ काढून उंबऱ्यावर फोडला, तेवढंच.

लांबट पत्र्याची पेटी, तळाशी कॉम्प्रेसर, वर पारदर्शक झाकण, खाली चाकं. दिसायला सोपी, नेऊन लावायला नाही. जुन्या घरांत तिचा भार सोसेल असं बटण नसतं. पहिल्याच खेपेला फ्यूज उडाला आणि अख्खं घर अंधारात गेलं. तेव्हापासून आमच्यातल्या वायरमन सभासदानं जाड वायरीचं भेंडोळं पेटीसोबत जोडून दिलं आहे. मीटरपासून थेट ओढायची, मधे कुठं जोड नाही. वीज गेली तर मंडपवाल्याचा जनरेटर. एवढी वर्षं वखारीत राहून पेटीला जर्द्याचा वास लागला तो कितीही पुसलं तरी जात नाही. रडणाऱ्या बायकांत मधेच कुणाला तरी शिंक येते. निपाणीचा माणूस निपाणीच्याच वासात जातो म्हणायचं.

लिंगायत घरांतून तिला मागणी क्वचित. त्यांच्यात देह बसवून पुरतात. लांब पेटीत आडवा ठेवून ताठरला की पुढं अवघड. हे कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं, राखणदारानं सांगितलं. तो हुक्केरीकडचा, घरी कन्नड बोलणारा.

पेटीची नोंदवही मी छापली. मयताचं नाव, गाव, नेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, शेरा. भाडं नाही, ज्याला वाटेल त्यानं डब्यात टाकावं. राखणदार आला तसं लिहितो, कधी मराठी, कधी कन्नड, कधी मराठी नाव कन्नड अक्षरांत. शेऱ्याच्या रकान्यात मी 'सुस्थितीत' वगैरे अपेक्षित धरलं होतं. तिथं असं सापडतं: 'वायर राहिली, उद्या आणतो म्हणाले.' 'झाकणाला चरा.' 'मुलगी बंगळूरहून पहाटे ४ ला पोचली.' 'मुलगा आला नाही. सकाळी उरकलं.'

गावाच्या रकान्यात निपाणीबरोबर चिकोडी, हुक्केरी आणि कागल तालुक्यातली गावं आहेत. राज्याचा रकाना मी ठेवला नव्हता, कुणी मागितलाही नाही. आमच्याकडं सीमा अशी अंगाला घासूनच जाते. देवचंद कॉलेज म्हणायला निपाणीचं, पण उभं आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात. पोरं सकाळी राज्य ओलांडून तासाला बसतात. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. १९५६ पासूनचा सीमावाद, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, हे सगळं आमच्या हाडीमासी आहे, क्लबातल्या बऱ्याच घरांनी त्यात लाठ्याही खाल्ल्या आहेत. कुठं ठिणगी पडली की दोन्हीकडच्या एसट्या थांबतात आणि आजारी माणसाला कोल्हापूरला न्यायचं कसं हा प्रश्न पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं महाराष्ट्रानं ठरवलं, तर त्यावरूनही कर्नाटकाशी वाजलं. कुठलं कार्ड कुठल्या रुग्णालयात चालेल हे समजावून सांगणं, हेच आता क्लबातल्या दोघातिघांचं निम्मं काम झालं आहे.

गंमत अशी की रोटरीच्या दफ्तरात ही रेघ नाहीच. त्यांचा ३१७० क्रमांकाचा प्रांत कोल्हापूर, बेळगाव, गोवा असा तीन राज्यांत पसरलेला. प्रांताच्या सभेला निपाणीवाला कुणाला परका नसतो. याचा फायदा भाषणात होत नाही, रात्री होतो. रक्ताची पिशवी हवी असली, कोल्हापूरच्या रुग्णालयात कुणी ओळखीचं हवं असलं, की ज्याला तुम्ही तीन महिन्यांपूर्वी पदग्रहणात कंटाळून जांभया देताना पाहिलेलं असतं तोच फोन उचलतो. हे लक्षात आल्यापासून मी लांब भाषणांवर पूर्वीइतका चिडत नाही. थोडा चिडतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीपाशी हमरस्त्यावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक ठप्प झाली. पलीकडं कोल्हापूरही पाण्यात. ट्रकांची रांग हलेना. ड्रायव्हर बहुतेक तमिळनाडू, केरळचे. गावातल्या सगळ्या क्लबांनी, तालमींनी, मंडळांनी मिळून चुली मांडल्या. तेव्हा एकाही क्लबानं माझ्याकडून फ्लेक्स छापून घेतला नाही, कारण वीज नव्हती. वाहतूक बंद म्हणून दूध डेअरीला जाईना. एका गवळ्यानं ओतून देण्यापेक्षा म्हणून कॅनच आणून ठेवले. आम्ही बासुंदी करायच्या बेतात होतो. एका ड्रायव्हरनं खुणेनं थांबवलं, कुठून तरी विरजण मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेला दहीभात मिळाला. आमची भाकरी-झुणका त्यांनी नम्रपणे खाल्ली होती. दहीभात त्यांनी जेवला.

आता क्लबाचीही पंचाईत आहे. सभासदांची पोरं पुण्याला, बंगळूरला. हजेरीपटावर केस पांढरे. वृक्षारोपणाचा फ्लेक्स साल बदलून तोच वापरा असं मी दरवर्षी सुचवतो, म्हणजे निदान त्या पैशात झाडाला पिंजरा येईल. कुणी मनावर घेत नाही. शाळांना दिलेली शिलाई मशिनं कुठं गेली हे विचारायचं नसतं. पण पोरं बाहेर गेल्यामुळे एक झालं, पेटीची मागणी वाढली. एकाच दिवशी दोन घरं आली आणि राखणदारानं कुणाला नाही म्हणायचं? एकदा तसं झालं, तेव्हा दुसऱ्या घरात पुन्हा बर्फाच्या लाद्या आणाव्या लागल्या.

म्हणून गेल्या सभेत दुसऱ्या पेटीचा विषय निघाला. या वेळी अपशकुनाचं नाव कुणी काढलं नाही. एक व्यापारी पूर्ण रक्कम द्यायला तयार झाले. अट एकच, झाकणावर त्यांच्या वडिलांचं नाव, ठळक, सोनेरी. खजिनदार म्हणाले, पैसे देतायत तर घालूया की. डॉक्टर म्हणाले, "सावकार, माणसं शेवटचं तोंड बघाय वाकतात आणि मधे तुमच्या वडिलांचं नाव! बरं दिसंल का?" तास गेला. एवढी चर्चा अर्थसंकल्पावर होत नाही. स्टिकर मीच करणार म्हटल्यावर मी मधे पडलो: झाकणावर नको, बाजूला, चाकाच्या वर, तीन इंची अक्षरं, वर कन्नड, खाली मराठी, रंग काळा. सावकारांनी बाजू मान्य केली, रंग मान्य केला, तीन इंचांवर अडून बसले, सहा म्हणाले. चारावर तोडलं आहे. पेटीची ऑर्डर कोल्हापूरला गेली. स्टिकरचे पैसे क्लबानं द्यायचे की सावकारांनी, हे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आहे.